आप्तवाक्य, संशय आणि हवामानबदल

१

मराठी प्रबोधनपरंपरेने ज्या संकल्पनेशी सर्वाधिक काळ झुंज दिली ती शब्दप्रामाण्याची संकल्पना होय. लोकहितवादींची शतपत्रे, जोतीराव फुले यांचे ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’, आगरकरांचा ‘सुधारक’ आणि अलीकडच्या काळातील अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्य यांच्या भूमिकांत कितीही अंतर असले, तरी एक सूत्र त्यांच्यात समान आहे. एखादी गोष्ट ग्रंथात सांगितली आहे, किंवा कोणा थोर पुरुषाने सांगितली आहे, एवढ्यावरून ती खरी ठरत नाही, हे ते सूत्र. ‘बाबा वाक्यं प्रमाणम्’ हे वचन मराठीत आज केवळ उपहासानेच उच्चारले जाते, हे या परंपरेचे यशच म्हटले पाहिजे. ‘बुद्धिप्रामाण्य’ या शब्दाला आपल्याकडे जो नैतिक भार प्राप्त झाला आहे, तो शब्दप्रामाण्याच्या विरोधातूनच आलेला आहे. १९७६ साली बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोनाचा अंतर्भाव नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांत केला, तेव्हा सुशिक्षित मराठी वाचकाने त्याचा अर्थ याच परंपरेच्या आधारे लावला: स्वतः तपासा, मगच माना.

प्रस्तुत लेखात उपस्थित करावयाचा प्रश्न असा की, विज्ञान स्वतःच जेव्हा सामान्य माणसापुढे केवळ ‘शब्द’ म्हणून येते, तेव्हा या परंपरेच्या वारसदाराने काय करावे? हवामानबदलाच्या संदर्भात हा प्रश्न टाळता येत नाही. विज्ञानाविषयीची लोकांची वृत्ती ‘श्रद्धा की चिकित्सा’ एवढ्या द्वंद्वात मावत नाही, आणि त्या द्वंद्वाने आपली नैतिक जबाबदारी अधिक स्पष्ट होण्याऐवजी अधिक धूसर होते, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

२

बुद्धिप्रामाण्याचा आदर्श प्रसंग म्हणून २१ सप्टेंबर १९९५ या दिवसाकडे पाहता येईल. त्या दिवशी गणपतीच्या मूर्ती दूध पीत असल्याची वार्ता देशभर पसरली. शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून दाखवून दिले की, चमच्याच्या कडेवरून ओढले गेलेले दूध मूर्तीच्या अंगावरून पातळ ओघळाने खाली येते. त्यामागे पृष्ठताण आणि केशाकर्षण यांवाचून दुसरे काही नाही. या प्रसंगाचे वैशिष्ट्य असे की, शास्त्रज्ञाच्या शब्दावर विसंबण्याचे कोणालाही कारण नव्हते. चमचा, दूध आणि कोणतीही दगडी वा धातूची वस्तू प्रत्येक घरात होती. प्रत्यक्ष प्रमाण प्रत्येकाच्या हाताच्या अंतरावर होते. ज्याने ते वापरले नाही त्याला दोष देता येत होता.

हवामानबदलाच्या बाबतीत असे कोणतेही घरगुती प्रत्यक्ष उपलब्ध नाही. हवाई बेटांतील मौना लोआ येथे १९५८ साली चार्ल्स कीलिंग यांनी मोजमाप सुरू केले, तेव्हा हवेच्या दहा लक्ष भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे ३१५ भाग होते. आज ते ४२० च्या वर आहेत. १८५०–१९०० या काळाशी तुलना करता २०११–२०२० या दशकात पृथ्वीच्या पृष्ठभागाचे सरासरी तापमान सुमारे १.१ अंश सेल्सिअसने अधिक होते. ही विधाने आपण मानतो, परंतु आपल्यापैकी कोणीही ती तपासलेली नाहीत. सरासरी ही वस्तू कोणाच्याही डोळ्यांना दिसत नाही. अवकाळी पाऊस दिसतो, गारपीट दिसते, आंब्याचा मोहोर गळताना दिसतो. त्या घटनांचा सरासरीशी असलेला संबंध मात्र दिसत नाही, तो सांगितला जातो.

येथे भाषेचा एक प्रश्नही गुंतलेला आहे. आजच्या दिवसाची हवा आणि तीस वर्षांच्या नोंदींतून काढलेले सामान्य रूप या दोन भिन्न गोष्टींसाठी व्यवहारातील मराठीत ‘हवामान’ हा एकच शब्द आहे. त्यामुळे उद्याच्या पावसाचा अंदाज चुकला की शंभर वर्षांच्या तापमानवाढीविषयीचे विधानही त्याच शब्दाच्या पदराला बांधलेले असल्याने संशयास्पद ठरते. हवामान खात्याविषयीचे विनोद आपल्या सामूहिक स्मृतीत इतके रुजलेले आहेत की, ‘हवामानबदल’ हा शब्द ऐकताक्षणी त्या विनोदांची छाया त्यावर पडते. ज्याला आपण लोकांचे अज्ञान म्हणतो, त्यातील काही भाग असा शब्दार्थाच्या पातळीवरचा आहे.

३

शब्दप्रामाण्य नाकारणाऱ्या परंपरेने ज्या मूळ चर्चेकडे काहीसे दुर्लक्ष केले, तिच्याकडे येथे वळणे उपयुक्त ठरेल. न्यायदर्शनाने प्रत्यक्ष, अनुमान आणि उपमान यांच्या जोडीला शब्द हे चौथे प्रमाण मानले. परंतु कोणाचाही शब्द प्रमाण नव्हे. आप्ताचा शब्द प्रमाण. आप्त कोण, याचे जे स्पष्टीकरण वात्स्यायनाने आपल्या भाष्यात दिले आहे, ते आजही विचारार्ह आहे. त्याच्या मते आप्त होण्यासाठी दोन गोष्टी लागतात: ज्या विषयाबद्दल बोलायचे त्याचे साक्षात ज्ञान, आणि जसे जाणले तसेच सांगण्याची इच्छा. विशेष म्हणजे हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू पडते असे तो म्हणतो. म्हणजे आप्तत्व जन्मावर, पदावर वा ग्रंथाच्या प्राचीनतेवर अवलंबून नाही. आगरकरांनी ज्या शब्दप्रामाण्यावर आघात केला ते हे नव्हे. ते याचे सामाजिक विकृतीकरण होय.

या दोन अटी वेगळ्या ठेवल्या म्हणजे हवामानबदलाच्या इतिहासातील काही गोष्टी स्पष्ट होतात. एक्सॉन या तेलकंपनीच्या शास्त्रज्ञांनी १९७० आणि १९८० च्या दशकांत तापमानवाढीची जी अनुमाने काढली होती, ती पुढे बऱ्याच अंशी अचूक ठरली, असे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखविले. त्याच काळात आणि नंतरही कंपनीचा जाहीर सूर मात्र अनिश्चिततेचा होता. येथे पहिली अट पूर्ण झाली होती. अभाव होता तो दुसरीचा. ज्ञान होते, पण जसे जाणले तसे सांगण्याची इच्छा नव्हती. म्हणून अविश्वासाचा प्रश्न केवळ ‘शास्त्रज्ञांना हे ठाऊक आहे काय’ एवढाच नसतो. ‘ज्याला ठाऊक आहे तो ते सांगतो आहे काय’ हाही तो असतो, आणि हा दुसरा प्रश्न नैतिक आहे.

सामान्य माणूस हा दुसरा प्रश्न विचारण्यास असमर्थ आहे, असे समजण्याचे कारण नाही. जुलै २०१७ मध्ये बीड जिल्ह्यातील माजलगाव तालुक्यातील शेतकऱ्यांनी दिंद्रुड पोलीस ठाण्यात हवामान खात्याविरुद्ध तक्रार दिली. चांगल्या पावसाच्या अंदाजावर विसंबून पेरणी केली आणि पाऊस आला नाही, एवढीच ती तक्रार नव्हती. बियाणे आणि कीटकनाशके विकणाऱ्या कंपन्यांशी खात्याचे संगनमत असावे, असा आरोप तीत होता. हा आरोप खरा ठरला असे नाही. परंतु त्याची रचना पाहण्यासारखी आहे. ‘तुम्हांला कळत नाही’ एवढे म्हणून शेतकरी थांबले नाहीत. ‘तुम्ही जाणता तसे सांगत नाही’ असे त्यांचे म्हणणे होते. वृत्तपत्रांच्या वाचकांनी ही बातमी गंमत म्हणून वाचली. वास्तविक आप्तत्वाची दुसरी अट तपासण्याचा, चुकीच्या जागी का होईना, तो प्रयत्न होता.

४

आता उलट बाजूचे उदाहरण घेऊ. ‘आयपीसीसी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, १९८८ साली स्थापन झालेल्या आंतरशासकीय मंडळाच्या २००७ सालच्या अहवालात, आशियाविषयीच्या प्रकरणात, हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होण्याची दाट शक्यता आहे अशा आशयाचे विधान होते. या विधानाचा आधार होता एका पर्यावरणवादी संघटनेचा २००५ सालचा अहवाल. त्याचा आधार होता १९९९ साली एका लोकप्रिय विज्ञान साप्ताहिकात आलेला मजकूर. १९९६ सालच्या आणखी एका अहवालात २३५० हा आकडा होता, तोही हिमालयापुरता नव्हे, तर ध्रुवप्रदेशांबाहेरील हिमाच्छादनाविषयी. अंकांची अदलाबदल होऊन २०३५ झाले असावे, असाही तर्क पुढे मांडला गेला. पाठचिकित्सेची सवय असलेल्या वाचकाला ही सारी प्रक्रिया परिचित वाटेल. एका हस्तलिखितातील लेखनिकाचा प्रमाद दुसऱ्यात उतरावा आणि तिसऱ्यात त्याला भाष्यकाराची मान्यता मिळावी, तसे हे घडले. छपाईपूर्वी समीक्षकांनी विचारलेल्या शंकाही वाऱ्यावर सोडल्या गेल्या.

नोव्हेंबर २००९ मध्ये भारताच्या पर्यावरण मंत्रालयाने भूवैज्ञानिक व्ही. के. रैना यांचा हिमनद्यांविषयीचा आढावा प्रसिद्ध केला. हिमनद्यांची माघार असाधारण असल्याचे दिसत नाही, असे त्यात म्हटले होते. मंडळाचे तत्कालीन अध्यक्ष राजेंद्र पचौरी यांनी त्याची संभावना जादूटोण्याचे विज्ञान अशा शब्दांत केली. पुढे २० जानेवारी २०१० रोजी मंडळाने ते विधान पुरेशा आधाराविना केले गेल्याचे मान्य केले.

या घटनेचे दोन अर्थ लावले गेले. हवामानबदल ही अतिशयोक्ती असल्याचा हा पुरावा आहे, असे काहींनी म्हटले. शेकडो पृष्ठांतील ही एक क्षुल्लक चूक आहे, असे इतरांनी म्हटले. दोन्ही अर्थ अपुरे आहेत. चूक क्षुल्लक नव्हती. सिंधू, गंगा आणि ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यांत राहणाऱ्या कोट्यवधींच्या पाण्याशी तिचा संबंध होता. परंतु ती चूक कोणी उघडकीस आणली? हिमनद्यांचाच अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांनी. विधानाचा प्रवास मागे मागे तपासत जाऊन त्यांनी तो जानेवारी २०१० मध्ये एका अग्रगण्य शास्त्रीय नियतकालिकात छापला. दोष विज्ञानाच्या पद्धतीत नव्हता, पद्धत पाळली न जाण्यात होता. आणि अध्यक्षांच्या उद्गारात आप्ताला न शोभणारा अहंकार होता. शिवाय, त्या विधानाचा त्याग झाला म्हणून हिमनद्या सुरक्षित ठरल्या नाहीत. काठमांडू येथील ‘इसिमोड’ या संस्थेच्या पुढाकाराने २०१९ साली झालेल्या मूल्यमापनानुसार, तापमानवाढ १.५ अंशांवर रोखण्यात यश आले तरी हिंदुकुश-हिमालयातील सुमारे एक तृतीयांश हिम या शतकाच्या अखेरीस नाहीसे होईल.

या उदाहरणावरून वात्स्यायनाच्या दोन अटींना तिसरी जोडावीशी वाटते. आधुनिक विज्ञानात आप्त ही व्यक्ती नसते, संस्था असते; आणि संस्थेचे आप्तत्व ती चुकत नाही यावर अवलंबून नसून, तिची चूक दाखविण्याची वाट खुली आहे काय यावर अवलंबून असते. ग्रंथप्रामाण्य आणि विज्ञानाचा शब्द यांतील भेद याच ठिकाणी आहे. श्रुतीत दुरुस्तीपत्रक निघत नाही.

५

यावर असा आक्षेप येईल की, वाट खुली असेल तर संशय घेत राहण्यात गैर काय? संशयाला न्यायदर्शनाने पदार्थांच्या यादीत मानाचे स्थान दिले आहे. संशयावाचून विचाराला प्रारंभच होत नाही. परंतु त्याच यादीत वाद, जल्प आणि वितंडा यांचा भेदही सांगितला आहे. वाद सत्यनिर्णयासाठी असतो, जल्प जिंकण्यासाठी, आणि वितंडा ती, जिच्यात बोलणारा स्वतःचा कोणताही पक्ष मांडत नाही, केवळ दुसऱ्याच्या पक्षाचे खंडन करतो.

हवामानबदलाविषयीचा संघटित संशय हा बहुतांशी तिसऱ्या प्रकारचा आहे. नाओमी ओरेस्केस आणि एरिक कॉनवे यांनी आपल्या २०१० सालच्या ग्रंथात दाखविले आहे की, तंबाखू आणि कर्करोग यांचा संबंध अनिश्चित असल्याचे सांगणाऱ्या शास्त्रज्ञांपैकी काहीजण पुढे आम्लपर्जन्य, ओझोन आणि तापमानवाढ यांच्याही बाबतीत तीच अनिश्चितता सांगत होते. शंका हाच आपला माल आहे, अशा आशयाचे टिपण एका अमेरिकी तंबाखू कंपनीत १९६९ सालीच लिहिले गेले होते. या मंडळींनी तापमान का वाढते याचा प्रतिपक्ष क्वचितच मांडला. ‘अद्याप सिद्ध झालेले नाही’ एवढेच ते म्हणत राहिले.

मराठी वाचकाला यात अस्वस्थ करणारी गोष्ट अशी की, हा वैतंडिक आपल्याच परंपरेची भाषा बोलतो. ‘स्वतः विचार करा’, ‘बहुमताने सत्य ठरत नाही’, ‘तज्ज्ञांचे ऐकू नका, पुरावा मागा’ ही सर्व वाक्ये सुधारकांच्या तोंडी शोभणारी आहेत. फरक वाक्यांत नाही, प्रयोजनात आहे. आगरकर संशय घेत तेव्हा त्या संशयाची किंमत ते स्वतः मोजत होते; जिवंतपणी आपली प्रेतयात्रा निघालेली त्यांनी पाहिली. विकत घेतलेल्या संशयाची किंमत मात्र दुसरेच कोणीतरी मोजत असते.

६

किंमत कोणी मोजायची, हाच या विषयाचा नैतिक गाभा आहे. ज्ञानाचे प्रामाण्य कसे ठरते, याविषयी मीमांसक आणि नैयायिक यांचा वाद प्रसिद्ध आहे. मीमांसकांच्या मते ज्ञान बाधित होईपर्यंत स्वतःच प्रमाण असते. नैयायिकांच्या मते त्याचे प्रामाण्य बाहेरून, म्हणजे त्यानुसार केलेली कृती सफल झाल्यावर ठरते. समोर पाणी आहे हे ज्ञान खरे, कारण तेथे गेल्यावर तहान भागली. दैनंदिन व्यवहारात ही कसोटी उत्तम चालते. १९९९ सालच्या ओडिशातील महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे मरण पावली. २०१३ साली ‘फायलिन’ आले तेव्हा पूर्वसूचनेवर विश्वास ठेवून लाखो लोकांना हलविण्यात आले आणि मृतांची संख्या शंभराच्याही खाली राहिली. आप्ताचा शब्द येथे दृष्टफलाने सिद्ध झाला.

हवामानबदलाच्या बाबतीत मात्र ही कसोटी अवघड होऊन बसते. पाणी आहे की नाही हे तेथे जाऊन पाहता येते आणि नसल्यास परत येता येते. येथे परतीचा रस्ता नाही. वातावरणात गेलेल्या कार्बन डायऑक्साइडचा मोठा भाग शतकानुशतके तेथे राहतो. संपूर्ण सिद्धी ज्या दिवशी होईल, त्या दिवशी त्या ज्ञानाचा उपयोग संपलेला असेल. शिवाय, पुरावा मागणारा आणि पुरावा आपल्या अंगावर घेणारा हे दोघे एक नाहीत. दरडोई उत्सर्जन ज्या देशांत अनेक पटींनी अधिक आहे, तेथे पुरेशा पुराव्याची मागणी सर्वांत मोठ्याने होते; तो पुरावा मराठवाड्यातील कोरडवाहू रानात, सुंदरबनातील बेटांवर आणि अद्याप न जन्मलेल्यांच्या आयुष्यात गोळा होतो.

कृतीला निश्चयाची आवश्यकता नसते, अर्थाविषयीचा संशयही पुरेसा असतो, असे नैयायिकांनी मान्य केले होते. शेतकरी पेरतो ते पाऊस निश्चित आहे म्हणून नव्हे. म्हणून ‘संपूर्ण खात्री झाल्यावरच पाहू’ ही भूमिका वरवर बुद्धिप्रामाण्याची दिसली तरी ती बुद्धीची भूमिका नाही. स्वतःच्या निष्क्रियतेचे ओझे दुसऱ्याच्या खांद्यावर देणारी ती भूमिका आहे. किती पुरावा पुरेसा, हा प्रश्न ज्ञानशास्त्राचा असला तरी, कोणाच्या जिवावर वाट पाहायची, हा प्रश्न नीतिशास्त्राचा आहे.

७

या विवेचनातून शब्दप्रामाण्य मागल्या दाराने परत येत नाही काय? आशिष नंदी यांनी १९८१ साली वैज्ञानिक दृष्टिकोनावरील निवेदनाला दिलेल्या उत्तरात, विज्ञानाच्या नावाने सत्ता गाजविणाऱ्या तज्ज्ञवर्गाविषयी जो इशारा दिला होता तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. धरणे, अणुभट्ट्या आणि खाणी यांच्या संदर्भात ‘तज्ज्ञ सांगतात’ हे शब्द अनेकदा चर्चा बंद करण्यासाठीच वापरले गेले आहेत. ज्यांच्या जमिनी अशा शब्दांवर गेल्या, त्यांनी नव्या तज्ज्ञाकडे संशयाने पाहावे हे अस्वाभाविक नाही.

म्हणूनच आप्तवाक्याच्या चर्चेत श्रोत्याचा हक्कही आला पाहिजे. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट परिस्थितिकी तज्ज्ञ समितीने ऑगस्ट २०११ मध्ये आपला अहवाल केंद्र सरकारला दिला. तो मे २०१२ पर्यंत प्रसिद्ध झाला नाही. माहिती अधिकाराखालील लढाई दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेल्यानंतरच तो लोकांसमोर आला. त्यातील निर्णय ग्रामसभांच्या विचाराने व्हावेत, अशी समितीची भूमिका होती. प्रत्यक्षात कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या माणसांपर्यंत इंग्रजीतील तो अहवाल पोहोचण्याआधी त्याच्याविषयीच्या अफवा पोहोचल्या. येथे शास्त्रज्ञ आप्त होता आणि बोलण्याची त्याची इच्छाही होती. त्याचा शब्द मात्र श्रोत्याच्या भाषेत, श्रोत्याच्या हाती, वेळेवर दिला गेला नाही. अशा स्थितीत लोकांच्या अविश्वासाला विज्ञानविरोध म्हणणे अन्यायाचे होईल.

विश्वास ठेवणे ही बुद्धीची शरणागती नव्हे. ते बुद्धीचेच एक कार्य आहे, आणि त्याला नियम आहेत. सांगणाऱ्याला ज्ञान आहे काय, जाणले तसेच तो सांगतो काय, त्याची चूक दाखविण्याची वाट खुली आहे काय, त्याचा शब्द आपल्या भाषेत आपल्यापर्यंत येतो काय, आणि आपण थांबलो तर त्याची किंमत कोण मोजणार, हे प्रश्न विचारण्यासाठी भौतिकशास्त्राची पदवी लागत नाही. विधानाचा उगम, त्याचे आधार, बोलणाऱ्याचे प्रयोजन आणि ऐकणाऱ्याचे स्थान तपासण्याचे काम साहित्यसमीक्षा पूर्वीपासून करीत आली आहे. हवामानशास्त्रावरील अहवाल, सरकारी निवेदने आणि कंपन्यांची पत्रके या ग्रंथांकडेही तिने वळावयास हवे. मराठीत हे काम अद्याप फारसे झालेले नाही, आणि ते केवळ शास्त्रज्ञांवर सोपवून भागणार नाही.